खुर्चीतला ख

१

केल्टिक इतिहास आणि संस्कृती शिकायला आमच्याकडे कोण येतं? ज्यांच्या दंडावर ती आधीच गोंदलेली असते, ते येतात. वेटोळी, गाठी, ड्रॅगन. पहिल्याच तासाला बाह्या वर करून बसतात, का तर माझी नजर जावी. एकाच्या मनगटावर वेल्शमध्ये 'धैर्य' लिहिलेलं होतं, त्यात एक अक्षर कमी होतं. मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पदवी घेऊन गेला बिचारा, तसाच.

मी डॉक्टर इद्वल प्रोथेरो. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर आमचं लहानसं विद्यापीठ आहे, तिथे अर्धं आयुष्य हा विषय शिकवण्यात घालवलं. वेल्श माझी मायबोली आणि तिच्यात मी चुकत नाही. बढाई मारत नाही. कुणाला गाता येतं, कुणाला पोहता येतं, मला चुका दिसतात. त्यामुळे मित्र फारसे नाहीत.

त्या सत्रात माझा गुरुवारचा वर्ग ट्राहायर्नच्या खोलीत भरायचा, कारण माझ्या खोलीचं छत गळत होतं आणि दुरुस्तीवाले रोज 'उद्या' येत होते. प्राध्यापक एल्वेड ट्राहायर्न म्हणजे आमचे विभागप्रमुख. ऐंशी उलटली तरी पद सोडलं नव्हतं, वसंतात वारले. खोली तशीच ठेवली होती: पुस्तकांना बुरशीचा वास, समुद्राकडची खिडकी वाऱ्याने खडखडणारी, आणि खिडकीला पाठ करून ती खुर्ची.

खुर्चीबद्दल सांगायला हवं. आइस्टेथवोद म्हणजे आमचा राष्ट्रीय काव्यमेळा. तिथे वृत्तबद्ध कवितेत पहिला येणाऱ्याला ओक लाकडाची भलीमोठी कोरीव खुर्ची मिळते. इतर देशांत कवीला मुजरे करतात, आमच्याकडे त्याला बसवतात. ट्राहायर्नने तरुणपणी ती जिंकली, तिच्या जोरावर नोकरी मिळवली आणि पुढे जन्मभर कवितेची एक ओळ लिहिली नाही. पुस्तकं मात्र लिहिली. त्यांची मुद्रितं मी तपासायचो. पानापानावर चुका. खुर्ची मिळवणाऱ्या कवितेत म्हणे एकही नव्हती.

आता व्याकरण. घाबरू नका, एवढंच आहे. आमच्या भाषेत 'त्याचा' आणि 'तिचा' याला एकच शब्द: ई. मग कळायचं कसं? पुढच्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून. खुर्ची म्हणजे कादैर. त्याची खुर्ची म्हणायची तर क चा ग होतो: ई गादैर. तिची म्हणायची तर क चा ख: ई खादैर. आणि माझी म्हणायची तर तोच क नाकातून काढायचा, ङ. नवशिक्यांची इथे पार दाणादाण उडते आणि माझा महिना मजेत जातो.

टॅबिथा क्रांट्झ नवशिकी असूनही चुकत नसे. ओहायोची उंच, वक्तशीर पोर. पणजी वेल्श होती म्हणे. ओहायोत सगळ्यांचीच असते. तिची चूक सापडत नाही याचाच मला राग होता. त्या गुरुवारी शेजारचा मुलगा आपली ओली बॅग ट्राहायर्नच्या खुर्चीवर टाकायला गेला, तशी ती पटकन म्हणाली, "तिच्या खुर्चीवर नको ठेवूस."

माझ्या आत कुठेतरी दिवाळी झाली.

"कुणाच्या खुर्चीवर?"

"तिच्या, सर."

"प्राध्यापक ट्राहायर्न बाई होते की काय? मला एवढ्या वर्षांत कुणी बोललं नाही."

वर्ग हसला. टॅबिथा लाल झाली.

"नाही सर. ते... पुरुष होते."

"मग? ग. ग गाढवाचा."

"ई गादैर," ती शहाण्या मुलीसारखी म्हणाली. मी फळ्याकडे वळलो. मागे तिने बॅग उचलून त्या पोराच्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा पुटपुटली. हळू, पण घशातून आलेला ख मला स्वच्छ ऐकू आला.

२

घरी जाताना मी त्यावर विचार करत होतो, आणि एका परदेशी पोरीच्या एका अक्षरावर विचार करतोय म्हणून स्वतःवरच चिडत होतो.

पण ते अक्षर चुकीचं असलं तरी त्या चुकीत काहीतरी चुकत होतं. माणूस आळसाने चुकतो. आळशी माणूस अक्षर बदलायचंच टाळतो, सरळ कादैर म्हणून मोकळा होतो; आजकालची आमचीच कार्टी तसं बोलतात. ख काढायला घसा खरवडावा लागतो. ख आमच्या भाषेतून मरत चाललाय तो याच कारणाने. आळसाने कुणी ख लावत नाही. ज्याला 'तिची' म्हणायचं असतं तोच लावतो.

पुढच्या गुरुवारी मी जरा आधी गेलो. दार उघडलं आणि आत खुर्ची करकरली. एकदाच. कुणी मागे रेलावं तशी. ओक लाकूड, समुद्राची दमट हवा, आणि नुकताच तापायला लागलेला हीटर, करकरणारच. मी माझे कागद टेबलावर मांडले. मग लक्षात आलं की हीटर बंद आहे.

मुलं आली. आणि त्या दिवशी मला ते दिसलं, जे बहुधा पहिल्या दिवसापासून तसंच होतं. दारातून येणारा प्रत्येक जण खुर्चीसमोरून वळसा घालून जात होता. मधे गालिचा मोकळा होता, सरळ गेलं तर दोन पावलांत टेबल. तरी सगळे गालिच्याच्या कडेने. कुणी ठरवून करत नव्हतं. गप्पा मारत, फोन बघत, बरोबर तेवढ्या जागेला टाळून.

"ए, तू," मी मनगटावर ड्रॅगन असलेल्या एकाला म्हणालो, "सरळ ये की. काय जत्रेत फिरतोयस का?"

तो सरळ आला. अर्ध्यावर त्याचा पाय कशाला तरी लागल्यासारखा अडखळला आणि तो खाली बघून म्हणाला, "सॉरी."

"कुणाला सॉरी?"

"अं? नाही, असंच, सर."

इंग्लंडकडचा होता. ते लोक दिव्याच्या खांबालाही सॉरी म्हणतात. मी शिकवायला सुरुवात केली. तास संपल्यावर टेबलाकडून दाराकडे निघालो, आणि दारात पोचल्यावर कळलं की मीही कडेनेच आलो होतो.

३

त्याच आठवड्यात प्राध्यापकपदाची जाहिरात निघाली.

आमच्याकडे प्राध्यापकपदालाही कादैर, म्हणजे खुर्चीच म्हणतात, आणि मला ती हवी होती. आडवळणाने कशाला सांगू? ट्राहायर्नच्या चुका दुरुस्त करण्यात माझे केस पिकले. त्याच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी 'इद्वलचे आभार' एवढी एक ओळ. मुलाखतीत, सभेत, शोकसभेतसुद्धा तो मधे आणि मी कडेला. आता माझी पाळी होती. ती गेली असती तर पुढे फक्त निवृत्ती होती आणि समुद्रपक्ष्यांना पाव टाकणं.

दुसरी उमेदवार ग्वेरविल मॅडॉक्स. ती संस्कृती शिकवते, म्हणजे सिनेमे दाखवते. जन्मली वेल्श घरात, पण बोलते अशी की अक्षरं वाटेत सांडत जातात. त्याची, तिची, माझी, सगळ्याला आपलं कादैर. तिच्या व्याख्यानाला उभं राहायला जागा नसते, यावरून श्रोत्यांची लायकी कळावी.

चहाच्या खोलीत ती बारा ब्रिथला, म्हणजे आमच्या मनुकांच्या पावाला, बोटभर लोणी फासत होती.

"इद्वल, तुला ते फर्निचर इतकं हवंय ना, तर घरी घेऊन जा बाबा. मला नुसती खोली दे. खिडकी छान आहे."

"ज्या पदाचं नाव नीट उच्चारता येत नाही त्यासाठी अर्ज तरी कशाला करतेस?"

"लोकांना कळतं रे मी काय म्हणते ते." तिने पाव तोंडात कोंबला. "तुझं सगळं बरोबर असतं, आणि ऐकायला कुणी नसतं."

झोंबलं. उत्तर सुचलं ते जिना उतरल्यावर.

पद मिळवणाऱ्यासाठी विभागात एक समारंभ होणार होता, तोही सांगून टाकतो. मेळ्यात कवीला खुर्चीत बसवण्याआधी त्याच्या डोक्यावर तलवार धरतात, म्यानातून अर्धी काढतात आणि तीनदा विचारतात, "शांतता आहे का?" तिन्ही वेळा हजारो लोक गरजतात, "शांतता!" मग तलवार आत जाते आणि कवी बसतो. आमच्याकडे नव्या प्राध्यापकाला ट्राहायर्नच्या खुर्चीत असंच बसवायचं ठरलं होतं, तलवारीऐवजी डीनची घडीची छत्री. पोरखेळ नुसता.

आणि मूळ विधीसुद्धा व्याकरणाला धरून नाही, हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी लोक डोळे फिरवतात. आमच्या भाषेत 'हो' असा सुटा शब्द नाही. 'आहे का' विचारलं की 'आहे' म्हणायचं किंवा 'नाही' म्हणायचं. 'घरात दूध आहे का?' म्हटल्यावर कुणी 'दूध!' म्हणून ओरडतं का? पण मेळ्यात सगळे ओरडतात. म्हणजे इतकी वर्षं तो प्रश्न विचारला जातोय आणि त्याचं उत्तर कुणी दिलेलंच नाही.

४

रविवारी आईकडे गेलो. ती डोंगराकडच्या जुन्या घरात एकटीच राहते, नव्वदीला टेकली तरी कुणाचं ऐकत नाही. मटणाचा रस्सा आणि पाव वाढून माझ्या ताटाकडे बघत बसली.

"खातोस की तपासतोस?"

"खातोय, आई."

"मग, देतायत का तुला?"

"काय?"

"ते रे. तिची खुर्ची."

चमचा माझ्या हातात राहिला. आईने व्याकरणाचं पुस्तक जन्मात उघडलं नाही. ती कानाने बोलते, आणि तिच्या कानाइतका खरा कान मी पाहिलेला नाही. मी भाषा शिकलो ती तिच्याकडून.

"त्याची," मी म्हणालो. "ट्राहायर्नची. त्याची खुर्ची."

"मी काय म्हटलं?"

"तिची म्हणालीस."

"हो का?" ती पाव मोडत राहिली. "असेल. मी होते ना तिथे, त्या मेळ्याला. तू व्हायच्या आधी. तुझ्या मावशीबरोबर लॉरीतून गेलेले. काय चिखल होता त्या वर्षी! फळ्या टाकलेल्या, त्याही बुडाल्या. माझे नवे बूट गेले."

"बरं, मग?"

"मग काय? तंबूत काळोख केला. कवीचं खरं नाव सांगत नाहीत ना आधी, टोपणनाव पुकारतात. 'पाकोळी' असं पुकारलं. जी कोण पाकोळी असेल तिने उभं राहावं. आणि आमच्या मागे दोन रांगा सोडून एक मुलगी उभी राहिली."

"मुलगी?"

"अरे, उभी राहिली म्हणजे अर्धी. हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. मी मान वळवून बघितली. मग पलीकडून हा उठला, उंच, आणि दिव्याचा झोत त्याच्यावर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"आणि ती मुलगी?"

"मला काय ठाऊक? उजेड त्याच्यावर गेला ना."

"तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? बाई उठली आणि बसली? पाय आखडले असतील." ती माझ्याकडे बघून हसली. "खा आता. गार झालं की म्हणशील आईला रस्सा जमत नाही."

मी खाल्लं. बाई उठली, बसली, पाय आखडले होते. परतीच्या रस्त्यावर मी तेच मनाशी घोळवत राहिलो, आणि स्पष्टीकरण नीट बसत होतं, अडचण काहीच नव्हती.

५

सोमवारी टॅबिथाला बोलावलं. त्याच खोलीत, दुपारी, दार उघडं ठेवून. ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. खुर्ची माझ्या डाव्या हाताला होती आणि दोघंही तिकडे बघत नव्हतो.

"तू ते मुद्दाम करतेस?"

"काय सर?"

"ख."

ती बोटांनी बाहीची कड ओढत म्हणाली, "मी इथे ग म्हणायला जाते. मनात ग असतो. तोंडातून ख येतो. खाली ग्रंथालयात म्हणून बघितलं, तर ग येतो."

"वेडेपणा आहे हा."

"हो सर." तिला ते पटलेलं दिसलं. "तुम्ही म्हणून बघा ना."

ओहायोची पोरगी मला उच्चार करून दाखवायला सांगत होती! मी हसलो. "माझी परीक्षा घेतेस?"

"नाही सर. पण मी इतके दिवस ऐकतेय. तुम्ही माझी चूक दुरुस्त करता तेव्हा नुसतं 'ग' म्हणता. पूर्ण शब्द या खोलीत तुम्ही अजून एकदाही म्हटलेला नाही."

"जा आता," मी म्हणालो.

ती गेली. कडेने. मी एकटा उरलो. खिडकी खडखडत होती. म्हणायला काय जातं, मी मनाशी म्हटलं. दोन शब्द. तोंड उघडलं, जीभ टाळ्याला लावली ग साठी, आणि तेवढ्यात डाव्या हाताला लाकूड करकरलं, कुणी ऐकायला पुढे झुकावं तसं.

मी तोंड मिटलं. कागद गोळा केले आणि उजेड असतानाच घरी गेलो.

६

पद मला मिळालं.

मुलाखतीत ग्वेरविलने समितीला हसवलं आणि मी समितीच्या पत्रकातल्या चुका दाखवल्या, तरी मिळालं. डीननी हात मिळवून अभिनंदन केलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला लाज वाटते. आईला फोन केला. "बघ बाबा," एवढंच म्हणाली.

समारंभ शुक्रवारी दुपारी. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सहकारी, मुलं, कागदी थाळ्यांत केक. इतकी गर्दी, खांद्याला खांदे लागलेले, आणि तरी खुर्चीसमोरचा गालिचा रिकामा. कुणालाच ते विचित्र वाटत नव्हतं. मला वाटत होतं, पण आनंद त्याहून मोठा होता. अडाण्यांनो, मी मनात म्हणत होतो, आज मला बसलेला बघा.

मला पुढे नेलं. मी त्या रिकाम्या जागेच्या कडेला उभा राहिलो, खुर्चीकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून. डीननी माझ्या डोक्यावर छत्री धरली आणि खोळीतून अर्धी बाहेर काढली. पोरं खिदळली.

"शांतता आहे का?"

"शांतता!" सगळे ओरडले. खिडकी हादरली.

"शांतता आहे का?"

"शांतता!" ग्वेरविल तोंडात केक असतानाच ओरडली. मागे भिंतीशी टॅबिथा उभी होती. ती ओरडत नव्हती. ती माझ्याकडेही बघत नव्हती. माझ्या कोपराजवळून, मागे, खाली बघत होती.

"शांतता आहे का?"

"शांतता!"

आणि त्या आरोळीच्या खाली, माझ्या पाठीमागून, बसलेल्या माणसाच्या उंचीवरून, कुणीतरी उत्तर दिलं.

"नाही."

हळू आवाज. तरुण, स्वच्छ, घाई नसलेला. जुन्या लोकांच्या वेल्शमध्ये, अक्षर न् अक्षर जागच्या जागी. त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर असंच देतात.

"बसा, प्राध्यापक!" डीन म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या.

बसायचं म्हणून मी एक पाऊल मागे टाकलं आणि माझी टाच कशाला तरी लागली. मऊ होतं. मी खाली पाहिलं. माझ्या काळ्या बुटांच्या मागे, गालिच्यावर, आणखी दोन बूट होते. तपकिरी, पट्ट्याचे, बायकांचे. घोट्यापर्यंत चिखल, आणि चिखल ओला. त्याच्या वर मी पाहिलं नाही. पाहू शकलो असतो, मान जरा वळवायची होती. नाही वळवली.

"बसा ना!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या एका लयीत पडायला लागल्या.

"मला नाही बसता येणार," मी म्हणालो. "ही... ही ई खादैर."

टाळ्या थांबल्या. क्षणभर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, खरंच आपण हे ऐकलं का म्हणून. आणि मग हशा फुटला. असा हशा मी त्या इमारतीत कधी ऐकला नव्हता. इद्वल प्रोथेरो चुकला! प्राध्यापक होताहोता, भर सभेत, पहिल्या वर्षाच्या पोरांच्या व्याकरणात! मनगटावर ड्रॅगन असलेला तो इंग्रज मुलगा भिंतीला टेकून हसत होता. ग्वेरविलच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "ग, इद्वल, ग!" ती ओरडली. "ग गाढवाचा!"

मी गर्दीतून वाट काढत बाहेर पडलो. अंगावर कुणाचा तरी केक सांडला. जिन्यावरही तो हशा ऐकू येत होता.

७

त्या खोलीत माझा पाय पडेना. दोनदा गेलो, दोनदा दारातून परत आलो. आजारी रजा झाली, मग डीनशी एक गोड बोलणं झालं, मग प्रकृतीच्या कारणाने मी पद सोडतोय असं पत्रक निघालं. त्यात दोन चुका होत्या. मी दुरुस्त केल्या नाहीत.

पद ग्वेरविलला गेलं. टॅबिथा सत्र संपताच ओहायोला परतली. निरोप घ्यायला आली तेव्हा आम्ही बराच वेळ हवामानावर बोललो.

ग्वेरविल बसली. समारंभ-बिमारंभ काही नाही, पहिल्याच सकाळी सरळ जाऊन बसली म्हणे. आता विभागात सगळेच 'तिची खुर्ची' म्हणतात. तिच्या खोलीत, तिच्या खुर्चीपाशी, तिच्या खुर्चीमागे. व्याकरण चोख झालं, कुणाच्या कानाला काही खुपत नाही. मला खालच्या मजल्यावर नवशिक्यांचे वर्ग दिलेत. मी तिकडे वर जात नाही.

काल ती जिन्यात भेटली. बऱ्याच दिवसांनी. सिनेमे दाखवणं तिने बंद केलंय असं ऐकलं होतं. कविता लिहितेय, वृत्तात, असंही. वाळली होती. केस मागे घट्ट बांधलेले. चहाच्या खोलीत लोणी फासणारी ती ढगळ, सैल बाई आता उरलीच नव्हती.

"इद्वल," ती म्हणाली, "बरा आहेस ना? आई कशी आहे?"

"बरी आहे."

"मेळ्याची आठवण काढते का ती अजून?"

आईची नि तिची कधी भेट झालेली नाही. मी कठडा धरला. "कधी कधी," म्हणालो.

"एक काम करशील? माझी थैली वर तिच्या खुर्चीवर राहिलीये. आणतोस का? माझे पाय फार दुखतात हल्ली."

तिच्या. ख. घशातून, जुन्या लोकांसारखा.

"माझ्या म्हणायचंय का तुला?" मी विचारलं. "माझ्या खुर्चीवर?"

"नाही," ती म्हणाली. हळू, घाई न करता. "दार लोटलेलंच आहे. आणि जाताना जरा कडेने जा हं. पाय असतात."

ती खाली उतरून गेली. मी जिन्यात उभा राहून तिचं ते बोलणं पहिल्या शब्दापासून मनात म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा. जन्मभर लोकांच्या बोलण्यात चूक शोधली ती हसण्यासाठी. काल पहिल्यांदा शोधली ती एक तरी सापडावी म्हणून. ग्वेरविल मॅडॉक्स चार शब्दांत तीन चुका करायची.

एकही नव्हती.